पाणबुडीचा खेळ आणि खेळाडूची मागणी

खेळ म्हटला कीं विरंगुळा, आणि विरंगुळा म्हटला कीं सोय, अशी सर्वसामान्य समजूत असते. पत्त्यांचा डाव टाकणारा किंवा सोंगट्या मांडणारा मनुष्य दिवसाचे कष्ट विसरण्यासाठीं बसतो, नवे कष्ट ओढवून घेण्यासाठीं नव्हे, असें धरून चालण्यांत येतें. परंतु संगणकावरील खेळांची एक शाखा अशी आहे कीं, तिचा भोक्ता अगदीं उलट मागणी करितो. त्याला झटपट विजय नको असतो. त्याला हवा असतो विलंब, संशय, आंकडेमोड आणि चुकण्याची पुरेशी संधि. विमान, आगगाडी, जहाज किंवा पाणबुडी यांच्या चालनाचें शक्य तितकें हुबेहूब अनुकरण करणारे हे खेळ होत. इंग्रजींत त्यांस सिम्युलेशन म्हणतात. मराठींत प्रतिरूप-खेळ म्हणतां येईल.

मार्च २०१० मध्यें 'सायलेंट हंटर' या प्रसिद्ध मालिकेंतील पांचवा खेळ बाजारांत आला. युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या रुमानियांतील शाखेनें तो तयार केला होता. दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन पाणबुडीचा कप्तान होण्याची संधि तो देत होता. त्यांतील समुद्र, आकाश आणि जहाजें हीं मालिकेंतील पूर्वीच्या सर्व खेळांहून अधिक सुंदर रंगविलेलीं होतीं. असें असूनहि जे लोक त्याची वर्षानुवर्षें वाट पाहात होते, तेच सर्वांत अधिक निराश झाले. हें असें कां घडलें, हें समजण्यास प्रथम खरी पाणबुडी कशी होती तें पाहिलें पाहिजे. कारण खेळाडूची अपेक्षा तेथूनच जन्म घेते.

पाणबुडी म्हणजे सदैव पाण्याखालीं राहणारी नौका, ही कल्पना त्या काळापुरती तरी चुकीची आहे. जर्मनांनीं सर्वांत मोठ्या संख्येनें बांधलेली पाणबुडी 'सात-सी' या जातीची होती; त्या जातीच्या पांचशेंहून अधिक नौका युद्धकाळांत तयार झाल्या. तिची लांबी सुमारें ६७ मीटर. पृष्ठभागावर ती डीझेल यंत्रांच्या जोरावर ताशीं १७ नॉटांहून अधिक वेगानें धांवे. पाण्याखालीं मात्र विजेच्या संचावर फार तर साडेसात नॉट. तोहि वेग थोडाच वेळ टिके. वीज पुरवून वापरली आणि ताशीं चार नॉटांनीं सरपटत गेलें, तर पाण्याखालीं सुमारें ८० सागरी मैल जातां येई. नंतर वर येऊन यंत्रें चालवून विजेचा संच पुन्हां भरून घ्यावाच लागे. तात्पर्य, ही वस्तुतः पृष्ठभागावर चालणारी नौका होती आणि बुडी मारणें हा तिचा आणीबाणीचा उपाय होता. नेताजी सुभाषचंद्र बोस फेब्रुवारी १९४३ मध्यें जर्मनींतून ज्या 'यू-१८०' पाणबुडीनें निघाले आणि एप्रिलच्या अखेरीस मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रांत रबरी होडींतून ज्या जपानी पाणबुडीवर गेले, त्या प्रवासास पूर्व किनारा गांठेपर्यंत जवळजवळ तीन महिने कां लागले, याचा उलगडा या आंकड्यांवरून होतो.

अशा नौकेंत चाळीस-पन्नास माणसें आठवडेच्या आठवडे कोंडलेलीं असत. मोकळी जागा अशी नाहींच. निघतांना तर टॉर्पेडोंच्या शेजारींच अन्नाच्या पेट्या आणि निजण्याच्या झोळ्या. परंतु कप्तानाच्या दृष्टीनें मुख्य गोष्ट जागेची टंचाई ही नव्हती. मुख्य गोष्ट होती ज्ञानाची टंचाई. पाण्याखालीं गेल्यावर त्याला डोळा एकच, तो म्हणजे पेरिस्कोप; आणि तोहि शत्रूच्या नजरेस पडूं नये म्हणून काहीं सेकंदच वर काढावयाचा. त्याहून खोल गेल्यावर डोळा मिटला आणि राहिले केवळ कान. हायड्रोफोन नांवाच्या यंत्रापुढें बसलेला खलाशी पंख्यांचा आवाज ऐकून जहाज कोणत्या दिशेस आहे आणि जवळ येत आहे कीं दूर जात आहे एवढें सांगे. बाकीचें सर्व अनुमानानें.

या अनुमानाचें स्वरूप एका उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, कप्तानास पेरिस्कोपांतून एक मालवाहू जहाज दिसत आहे. तें किती दूर आहे? जहाजाची जात ओळखून, पुस्तकांत पाहून, त्याच्या डोलकाठीची उंची २५ मीटर धरली आणि ती काठी पेरिस्कोपांतील मापावर बरोबर एक अंशाचा कोन करीत असली, तर अंतर सुमारें १,४३० मीटर येतें. परंतु जहाज ओळखण्यांत चूक होऊन काठी प्रत्यक्षांत २० मीटरचीच असली, तर खरें अंतर १,१५० मीटरांच्या आंतबाहेर असतें. म्हणजे एका नजरचुकीनें जवळजवळ तीनशें मीटरांचा फरक. पुढें वेग काढावयाचा. १३० मीटर लांबीच्या जहाजाचें टोंक व शेपूट पेरिस्कोपांतील उभ्या रेघेस ओलांडण्यास २६ सेकंद घेतात, तर वेग सेकंदास पांच मीटर, म्हणजे ताशीं दहा नॉटांच्या जवळपास. घड्याळ, कोष्टक आणि कागद यांच्या साहाय्यानें हें गणित अंधारांत, हेलकावे खाणाऱ्या नौकेंत करावयाचें.

आतां टॉर्पेडो सोडावयाचा. विजेवर चालणारा जर्मन टॉर्पेडो ताशीं सुमारें ३० नॉटांनीं जाई. त्याला १,००० मीटर जाण्यास ६५ सेकंद लागतात. तेवढ्या अवधींत दहा नॉटांनीं चाललेलें जहाज सुमारें ३३५ मीटर पुढें सरकतें. म्हणून नेम जहाजावर धरावयाचा नसून जेथें जहाज अजून आलेलेंच नाहीं अशा रिकाम्या पाण्यावर धरावयाचा असतो. दहा नॉटांच्या ऐवजीं कप्तानानें वेग आठ नॉट धरला, तर अवघ्या दोन नॉटांच्या या चुकीनें टॉर्पेडो जहाजाच्या मध्यापासून सुमारें ६७ मीटर मागें पडतो. जहाज १२० मीटर लांब असेल, तर तो त्याच्या शेपटामागून निघून जातो. आणि पाणबुडीचें अस्तित्व मात्र शत्रूस कळून चुकलेलें असतें.

प्रतिरूप-खेळाचा भोक्ता जी वस्तु मागतो ती हीच. हें गणित त्याला स्वतः करावयाचें असतें आणि त्यांत चुकण्याचा अधिकार हवा असतो. मालिकेंतील तिसऱ्या आणि चौथ्या खेळांत एक विलक्षण सोय ठेवलेली होती: टॉर्पेडो सदोष निघावेत कीं नाहीं, हें खेळाडूनें ठरवावें. इतिहासांत १९३९ आणि १९४० सालीं जर्मनांचे कित्येक टॉर्पेडो लक्ष्याखालून फार खोल गेले, कांहीं अकालीं फुटले, तर कांहीं फुटलेच नाहींत. अमेरिकन नौदलाच्या टॉर्पेडोंचे दोष तर १९४३ सालाच्या उत्तरार्धापर्यंत पुरते निस्तरले नव्हते. जाणता खेळाडू हा दोष बुद्धिपुरस्सर चालू ठेवी. पैसे देऊन घेतलेल्या खेळांत आपला नेम बरोबर असूनहि अपयश यावें, अशी त्याची इच्छा! बाहेरून पाहणाऱ्यास हा वेडेपणा वाटेल. परंतु ज्या यशांत अपयशाची शक्यता नाहीं, त्या यशास चव नाहीं, हें सूत्र क्रिकेटच्या खेळपट्टीवर जितकें खरें तितकेंच येथेंहि खरें आहे.

किंबहुना पाणबुडीच्या खेळाचें सर्वांत मोठें ऐतिहासिक उदाहरण हेंच सांगतें. जानेवारी १९४२ मध्यें ब्रिटिश आरमारानें लिव्हरपूल येथें एक छोटें खातें उघडलें. क्षयामुळें नौदलांतून निवृत्त झालेले कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स हे त्याचे प्रमुख आणि आरमाराच्या स्त्री-शाखेंतील तरुणी ह्या त्यांच्या साहाय्यक. एका दालनाच्या जमिनीवर चौकटी आंखून तेथें काफिला, त्याच्या रक्षक नौका आणि पाणबुड्या मांडल्या जात. नौकांचे मार्ग खडूनें जमिनीवर काढीत. रक्षक नौकांच्या अधिकाऱ्यांस मात्र तो सबंध पट दिसत नसे. त्यांस कापडी पडद्यांआड उभें करीत आणि एका अरुंद फटींतून, खऱ्या समुद्रावर रात्रीं जेवढें दिसेल तेवढेंच पाहूं देत. ठराविक मिनिटांत निर्णय द्यावयाचा आणि परिणाम सोसावयाचा.

या खेळांतून एक महत्त्वाचा शोध लागला. पाणबुड्या काफिल्याच्या बाहेर राहून दुरून मारा करितात, अशी आरमाराची समजूत होती. जमिनीवरील खडूच्या रेघा तपासतां असें आढळलें कीं, घडलेल्या हल्ल्यांचा मेळ तसा बसत नाहीं. पाणबुडी रात्रीं पृष्ठभागावरून, मागील बाजूनें, काफिल्याच्या ओळींमध्येंच शिरत असली पाहिजे. त्यावरून 'रास्पबेरी' या नांवाचा प्रतिडाव बसविण्यांत आला. युद्ध संपेपर्यंत सुमारें पांच हजार अधिकारी या दालनांतून शिकून गेले. येथें ना चित्रांची शोभा होती ना ध्वनीचा थाट. होते खडू, लाकडी खुणा आणि एक फट. तरीहि हें प्रतिरूप खरें ठरलें, कारण कप्तानास जें ठाऊक नसतें तें खेळाडूसहि ठाऊक होऊं द्यावयाचें नाहीं, हा नियम त्यानें कसोशीनें पाळला.

घरगुती संगणक आल्यावर हाच विषय खेळ म्हणून पुढें आला. १९८५ सालीं सिड मायर यांचा 'सायलेंट सर्व्हिस' निघाला. १९९४ मध्यें 'एसेस ऑफ द डीप'. आणि १९९६ मध्यें 'सायलेंट हंटर' मालिकेचा पहिला खेळ. मार्च २००५ मध्यें तिसरा खेळ आला आणि या प्रकाराचा मानदंड ठरला. त्याच्या जन्माची हकीकत बोधप्रद आहे. आरंभीं त्यांतील मोहीम एकामागून एक ठरलेल्या प्रसंगांची असावी, अशी योजना होती. खेळाडूंनीं ती ऐकतांच निषेध केला: प्रसंग आधींच लिहिलेले असतील तर समुद्राचा अर्थच गेला, असें त्यांचें म्हणणें पडलें. कंपनीनें तें मानलें, प्रकाशन लांबणीवर टाकलें आणि महासागरांत जहाजें आपापल्या मार्गानें फिरत राहतील, कोणतें केव्हां भेटेल हें नियमांवर आणि नशिबावर अवलंबून राहील, अशी रचना केली.

या रचनेमुळें कित्येक गस्ती रिकाम्या जात. काळ वेगानें पुढें नेण्याची युक्ति खेळांत होती. १,०२४ पटीच्या वेगानें सबंध दिवस ८४ सेकंदांत सरे. तरीहि धुक्यांत, वादळांत, कांहींच न दिसतां दहा-दहा दिवस निघून जात. सामान्य खेळांत जी गोष्ट दोष म्हणून गणली जाते, तीच येथें गुण ठरली; कारण दहा रिकाम्या दिवसांनंतर क्षितिजावर उठलेल्या धुराच्या एका रेषेनें हृदयाचा जो ठोका चुके, तो दर पांच मिनिटांनीं जहाज दिसलें असतें तर चुकला नसता.

अशा पार्श्वभूमीवर पांचव्या खेळाची वाट पाहिली जात होती. त्याचें मुख्य आश्वासन असें होतें कीं, खेळाडू आतां कप्तानाच्या पायांनीं नौकेंत फिरूं शकेल. खरोखर तें पाळलेंहि गेलें. टॉर्पेडोच्या खोलीपासून यंत्रशाळेपर्यंत चालत जावें, वाटेंत खलाशांशीं बोलावें, शिडी चढून वर यावें तों तोंडावर समुद्राची पहांट, हें दृश्य मोठें मनोहर होतें. परंतु जेथें हें दिलें तेथेंच दुसरें कांहीं काढून घेतलें होतें. खेळाडूच्या हातांतील तबकड्या, मापें आणि गणनेचीं साधनें यांची जागा सुटसुटीत, सोप्या खुणांनीं घेतली होती. नव्या गिऱ्हाइकास बुजल्यासारखें होऊं नये, हा त्यामागील हेतु. हेतु वाईट नव्हता. पण पाणबुडी आंतून कशी दिसते हें दाखविण्याच्या भरांत पाणबुडींत कप्तान काय करितो याचाच संकोच झाला. दिवाणखाना सजला आणि स्वयंपाकघर बंद पडलें, अशांतला तो प्रकार होता.

खलाशांच्या बाबतींतहि असेंच झालें. त्यांच्याशीं संभाषण करावें, त्यांचें मनोधैर्य वाढवावें आणि मग त्यांचीं खास कौशल्यें वापरावीं, अशी योजना केलेली होती. कल्पना उत्तम होती, कारण माणसांवांचून नौका नाहीं. परंतु तींच तींच वाक्यें पुनःपुन्हां ऐकूं येऊं लागल्यावर जिवंत मनुष्याच्या ठिकाणीं कळसूत्री बाहुली दिसूं लागली. आणि एखाद्या खलाशाच्या कौशल्याची कळ दाबतांच नौकेची शक्ति क्षणांत वाढावी, हें युद्धनौकेपेक्षां जादूच्या गोष्टीस अधिक शोभणारें होतें. नौकेची जात एकच, 'सात' क्रमांकाची व तिचे पोटभेद. तिसऱ्या खेळांत मात्र लहान-मोठ्या अनेक जातींच्या पाणबुड्या चालवितां येत. मोहीमहि १९४३ पाशीं थांबविलेली होती. म्हणजे शिकाऱ्याचीच शिकार होऊं लागली, ज्या काळांत निघालेली नौका परत येईलच असा भरंवसा उरला नव्हता, तो सबंध उत्तरार्ध गाळलेला. जें युद्ध हरलें गेलें त्यांतील हरण्याचा भाग वगळणें, ही प्रतिरूपाच्या दृष्टीनें लहान उणीव नव्हे.

याखेरीज अर्धवट कामाच्या खुणा जागोजागीं होत्या. खेळ मध्येंच बंद पडणें, दिलेली आज्ञा न पाळली जाणें, मार्गदर्शन अपुरें असणें, अशा तक्रारी पहिल्या आठवड्यापासून येऊं लागल्या. दुरुस्तीच्या पुरवण्या मागून आल्या. अशा खेळांत यंत्ररचना अत्यंत गुंतागुंतीची असल्यामुळें आरंभीं दोष राहणें स्वाभाविक आहे, आणि जुने खेळाडू त्याबद्दल फारसे कठोर नसतात. तिसरा खेळहि निर्दोष नव्हता. परंतु दोष आणि उणीव यांत ते फरक करितात. दोष म्हणजे जें करावयाचें होतें तें नीट न साधणें. उणीव म्हणजे जें करावयास हवें होतें तें करावयाचें मनांतच नसणें. पहिला कालांतरानें दुरुस्त होतो. दुसरीस दृष्टि पालटावी लागते.

आणखी एक तक्रार खेळाच्या आंतील नव्हती, बाहेरील होती. आणि ती सर्वांत तीव्र ठरली. चोरून नकला होऊं नयेत म्हणून कंपनीनें असा निर्बंध घातला कीं, खेळ चालूं असेपर्यंत खेळाडूचा संगणक इंटरनेटद्वारें कंपनीच्या केंद्राशीं अखंड जोडलेला असलाच पाहिजे. जोडणी तुटली कीं खेळ थांबे. प्रकाशनानंतर थोड्याच दिवसांत, ७ मार्च २०१० रोजीं, त्या केंद्रावर बाहेरून हल्ला झाला आणि रीतसर पैसे मोजून खेळ घेतलेल्या अनेकांना स्वतःच्या घरीं, स्वतःच्या संगणकावर तो उघडतां येईना. महासागरांत एकाकी, सर्वांशीं संबंध तुटलेल्या नौकेचा अनुभव देऊं करणारा खेळ. आणि त्याचा मालक मात्र एका दूरच्या केंद्राच्या मर्जीवांचून बंदरहि सोडूं शकत नाहीं! विकत घेतलेली वस्तु खरोखर आपली असते काय, हा प्रश्न त्या दिवशीं अनेकांना प्रथमच पडला. पुढें कंपनीनें हा निर्बंध सैल केला. पण प्रश्न मिटला नाहीं. आज पुस्तकें, गाणीं आणि चित्रपट हींहि अशाच दूरच्या केंद्रांवरून घरोघर येतात, आणि केंद्राचें दार बंद झालें तर घरच्या कपाटांत कांहींच उरत नाहीं.

येथें खेळाडूंच्या स्वभावाची दुसरी बाजू दिसते. निराश झालेल्या मंडळींनीं नुसती कुरकुर करून खेळ टाकून दिला असें नाहीं. त्यांच्यांतील जाणत्यांनीं, एक पैचीहि अपेक्षा न धरितां, खेळाची दुरुस्ती आरंभिली. तिसऱ्या खेळासाठीं 'ग्रे वुल्व्ज' या नांवानें अशा सुधारणांचा एक प्रचंड संग्रह पूर्वींच सिद्ध झालेला होता. पांचव्यासाठीं काढून घेतलेल्या तबकड्या आणि मापें परत बसविणारे पट तयार झाले, आणि पुढें 'वुल्व्ज ऑफ स्टील' या मोठ्या संग्रहानें खेळाचें रूपच पालटलें. जहाजांच्या उंचीचीं मापें तपासणें, बंदरांच्या जागा नकाशाशीं ताडून पाहणें, अशीं कामें वर्षानुवर्षें रात्रीं जागून कोणीतरी करावीं, यावरून ही मागणी केवळ करमणुकीची नव्हती, हें उघड होतें. पांचव्यानंतर त्या मालिकेचा सहावा खेळ मात्र आजवर निघालेला नाहीं. ती जागा लहान मंडळींनीं भरून काढली. २०१९ पासून प्राथमिक स्वरूपांत मिळूं लागलेला आणि २०२४ मध्यें पूर्ण झालेला 'यूबोट' हा खेळ खलाशांच्या झोंपेपासून अन्नापर्यंतची व्यवस्था खेळाडूकडे सोंपवितो. 'वुल्फपॅक' या खेळांत तर निरनिराळ्या घरीं बसलेले मित्र एकाच नौकेंतील निरनिराळ्या जागा सांभाळतात आणि परस्परांच्या शब्दांवर विश्वासून चालतात.

एवढें सांगितल्यावर एका उणिवेचा उल्लेख करणें अवश्य आहे. कारण ती एका खेळाची नसून या सबंध प्रकाराची आहे. या खेळांत यश मोजलें जातें तें टनांत. अमुक क्षेत्रांत अमुक हजार टनांचीं जहाजें बुडवा, कीं काम फत्ते. हें मोजमाप इतिहासास सोडून नाहीं. खऱ्या कप्तानांचा गौरवहि टनांवरूनच होई. परंतु टनांत माणसें मोजलीं जात नाहींत. पेरिस्कोपांतून दिसणाऱ्या काळ्या आकृतीवर कोण होतें?

१७ सप्टेंबर १९४० च्या रात्रीं 'यू-४८' या पाणबुडीनें अटलांटिक महासागरांत 'सिटी ऑफ बनारस' हें प्रवासी जहाज बुडविलें. बॉम्बहल्ल्यांपासून दूर, कॅनडांत सुरक्षित ठेवण्यासाठीं पाठविलेलीं ९० मुलें त्या जहाजावर होतीं; त्यांपैकीं ७७ दगावलीं. जहाजाच्या नोकरवर्गांत बहुसंख्य हिंदी खलाशी होते. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर भट्टीपाशीं, डेकवर आणि भोजनगृहांत काम करणाऱ्या या लोकांत कोंकणच्या किनाऱ्यावरील आणि गोव्यांतील माणसें मोठ्या संख्येनें असत. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानच्या व्यापारी जहाजांवरील सहा हजारांहून अधिक खलाशी कामीं आले. समुद्रास थडगें नसतें. म्हणून त्यांच्या नांवांच्या याद्या मुंबईच्या खलाशी-गृहांत आणि चित्तगांव येथें जतन केलेल्या आहेत. 'यू-४८' ही 'सात' क्रमांकाच्याच जातीची, म्हणजे पांचव्या खेळांत खेळाडूच्या हातीं दिलेल्या जातीची पाणबुडी होती, ही गोष्ट येथें लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

उलट बाजूसहि हिशेब तितकाच भीषण आहे. जर्मन पाणबुड्यांवर सुमारें ४०,००० माणसांनीं काम केलें. त्यांपैकीं चारांतून तीन परत आले नाहींत. म्हणजे शिकारी आणि भक्ष्य दोघांनाहि गिळणारा हा समुद्र होता. तेव्हां असे खेळ खेळूंच नयेत काय? तसें म्हणण्याचें कारण नाहीं. युद्धाची कादंबरी वाचणें पाप नाहीं, तसा हा खेळहि नाहीं. परंतु ज्या अर्थीं तो स्वतःस प्रतिरूप म्हणवितो, त्या अर्थीं त्याच्यावर एक जबाबदारी येते. पेरिस्कोपांतून आकृति दिसल्यापासून टॉर्पेडो सुटेपर्यंतचीं तीं अवघड मिनिटें, तो संशय, ती आंकडेमोड जर खेळानें राखिली, तर कळ दाबणाऱ्या बोटास निर्णयाचें थोडें तरी वजन जाणवतें. तीं मिनिटें सोयीसाठीं कापून टाकिलीं, तर उरतो तो नुसता नेमबाजीचा फळा.

म्हणून अवघडपणाची मागणी करणाऱ्या खेळाडूस हट्टी किंवा विक्षिप्त ठरविणें अन्यायाचें होईल. आपण काय मागतों हें त्याला नेहमींच शब्दांत सांगतां येतें असें नाहीं. कित्येकदां तो तबकडीच्या आंकड्यांवरून भांडतो आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. पण मूळ गोष्ट साधी आहे. अज्ञानांत राहून निर्णय घ्यावा लागणें, हेंच पाणबुडीच्या कप्तानाचें खरें जीवन होतें. तें जीवन लिव्हरपूलच्या दालनांत खडूच्या रेघांनीं आणि कापडाच्या फटींनीं उभें राहिलें. तें सुंदर रंगविलेल्या लाटांनीं आपोआप उभें राहात नाहीं. नवा खेळ हातीं येईल तेव्हां तो किती दाखवितो याबरोबरच तो किती झांकून ठेवितो, हें पाहावें. आणि त्यांतील जहाज बुडेल तेव्हां पडद्यावरील टनांचा आंकडा वाचून झाल्यावर, त्या जहाजावर कोण असतील, याचा क्षणभर तरी विचार करावा.